तोडीचा मुहूर्त

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी माळ्यावरून आकाशकंदिलाचा सांगाडा खाली काढला आणि तो माझ्या हातातच मोडला. मोडला कसला, त्याचे पीठ झाले. बांबूच्या कामट्या मी स्वतः तासलेल्या, दहा वर्षे त्याच सांगाड्यावर दरसाल नवा कागद चढत आलेला. बरोबरीला बसलेल्या आठ वर्षांच्या नातवाने माझ्या मांडीवर पडलेल्या पिवळसर भुकटीकडे पाहिले आणि विचारले, "आजोबा, हे तुम्ही केलंत?"

मी केले नव्हते, पण अगदीच निर्दोषही नव्हतो. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रदर्शनातून मी बांबूचा कोच आणला होता. दिसायला देखणा, उचलायला हलका, किंमत मात्र शिसवी. सहा-आठ महिन्यांतच त्याच्याखाली रोज सकाळी बारीक पिठाची रांगोळी दिसू लागली. आमच्या सौभाग्यवतींना प्रथम माझाच संशय आला, की रात्री उठून हे डब्यातल्या शंकरपाळ्यांवर हात मारतात. मग एक दिवस कोचाच्या दांडीवर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली. कोचातला घुण भिंतीवरच्या सुपात गेला, सुपातून खिडकीच्या चिकात गेला आणि माळा चढून कंदिलापर्यंत पोचला.

माझे साडू चंद्रपूरला असतात. हयात वनखात्यात गेली, आता निवृत्त आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दिवाळीच्या शुभेच्छांचा फोन आला तेव्हा मी कोचाची कर्मकहाणी सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "कोच केव्हा घेतलात ते राहू द्या. बांबू केव्हा तोडला होता?"

आता हे मला कसे ठाऊक असणार? आपण आंबा घेताना तो कुठला हे विचारतो, तांदूळ घेताना नवा की जुना हे विचारतो. लाकूड किंवा बांबू कोणत्या महिन्यात तोडला, हे विचारणारा गिऱ्हाईक मी तरी पाहिलेला नाही. अण्णा म्हणाले, "मग भादव्यात या इकडे. दाखवतो."

भाद्रपद सरता सरता आम्ही उभयता निघालो. नागपूरपर्यंत आगगाडी आणि तिथून वरोरा, भद्रावती करीत मोटारीने दीडशे किलोमीटर. चंद्रपूर जवळ येते ते औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांवरून कळते. पण गावात शिरले की गोंड राजांचा परकोट लागतो, त्याचे दरवाजे लागतात आणि जुने चांदा अजून आहे हे पाहून बरे वाटते. अण्णांच्या घरी पोचलो तेव्हा ताटात वास्त्यांची भाजी होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली तेव्हा अण्णा म्हणाले, "चवीनं खा, पण एक ध्यानात असू द्या. ही एकेक वाटी म्हणजे तीस-तीस फुटांचे दोन-तीन बांबू आहेत." त्यानंतर तिसऱ्यांदा मागण्याचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या मोटारीतून मूलच्या रस्त्याला लागलो. वाटेत चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र लागते. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे मोठी आग लागली होती. मूल सोडले की भाताची खाचरे सुरू होतात. सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा लांबलचक पूल आणि पलीकडे गडचिरोली. १९८२ सालापर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये गडचिरोली वेगळा झाला. तिथून धानोऱ्याच्या दिशेला वळलो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी रान जवळ आले. सागाचा पानोळा अंधारा असतो, त्यात मधूनमधून बांबूची बेटे फिकट हिरव्या कारंज्यासारखी उसळलेली. बेटाला तिकडे रांजी म्हणतात आणि बांबूच्या या जातीला मानवेल.

अण्णांनी एका रांजीपाशी मोटार थांबवली. शाळामास्तरासारखे हातात काठी घेऊन ते पुढे, मी मागे. सौभाग्यवती चिखल पाहून मोटारीतच बसल्या.

"हा पाहा यंदाचा," त्यांनी काठीने दाखवले. अंगावर तपकिरी पापुद्रे, शेंडा अजून मिटलेला. "पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत हा आपली सगळी उंची गाठतो. पुढं जन्मभर इंचभरही वाढत नाही, फक्त आतून घट्ट होत जातो. पक्का व्हायला तीन वर्षं. यंदाचा आणि गेल्या सालचा तोडायचा नाही. तोडायचा तो जुना, आणि तोही जमिनीपासून वीतभर वर, पेऱ्याला धरून. गड्डा खणायचा नाही. आता सांगा, आत्ता या चिखलात दहा माणसं कोयते घेऊन शिरली तर काय होईल?"

मी उत्तर द्यायला एक पाऊल पुढे टाकले आणि पायाखाली काकडी मोडल्यासारखा आवाज झाला. अण्णांनी खाली पाहिले. मीही पाहिले. गवतात दडलेला हातभर कोंब मधोमध तुटला होता.

"हेच होईल," अण्णा म्हणाले.

पावसाळ्यात बांबूची तोड बंद असते ती याचसाठी. वनखात्याचा तसा नियम आहे, आणि खाते नव्हते तेव्हाही जाणती माणसे हे पाळीत असणार. पण मला कोंबापेक्षा घुणाची चिंता होती. मी विचारले, "मग पाऊस संपला की केव्हाही तोडावं?"

"तिथंच तर चुकतं," अण्णा म्हणाले आणि मोटारीच्या टपाला टेकून त्यांनी जे सांगितले ते असे. घुणाला बांबू नको असतो, बांबूतले पिष्ट हवे असते. पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब फुटायचे तर त्यांना शिधा लागणार. तो बांबू साठवून ठेवतो. उन्हाळ्यात, कोंब फुटण्याच्या आधी, ही कोठारे भरलेली असतात. पावसाळ्यात नवी पिले वाढवण्यात ती रिकामी होतात. घुणाचा भुंगेरा जेमतेम तीन मिलिमीटरचा. हिवाळ्यात तो थंडावलेला असतो, ऊन तापले की उडू लागतो. बांबूची वरची पाठ कठीण असल्याने तिथून त्याला सहसा शिरता येत नाही. तो शिरतो तोडलेल्या टोकातून, तासलेल्या पेऱ्यातून आणि चिरेतून. म्हणजे चैत्र-वैशाखात बांबू तोडला की कोठार भरलेले, दार उघडे आणि पाहुणा दाराशी हजर. पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळी झाली की तोड सुरू करावी आणि पौष-माघात संपवावी. अलीकडे गेलात तर कोंब मरतात, पलीकडे गेलात तर घुण लागतो.

"आणि अंधाऱ्या पंधरवड्याचं काय?" मी विचारले. आमच्या कोकणातही बांबू वद्य पक्षात तोडावा असे म्हणतात.

अण्णा हसले. "चंद्राचा आणि घुणाचा संबंध मला तरी चाळीस वर्षांत दिसला नाही. ऋतूचा दिसला. पण मी कुणाशी वाद घालत नाही. अंधारा पंधरवडा पाळणारा माणूस निदान थांबायला तरी शिकलेला असतो."

हे ऐकताना मला एकदम आमच्या मुलीची आठवण झाली. ती अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असते. तिच्या घरामागे ओकचे मोठे झाड आहे, त्याची एक फांदी छपरावर आलेली. वैशाखात आम्ही तिकडे होतो तेव्हा मी म्हटले, माणूस बोलावून फांदी तोडून टाक. ती म्हणाली, "बाबा, इथे एप्रिलपासून जुलैपर्यंत ओकला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं असतं." मला तो अमेरिकन लोकांचा नेहमीचा काटेकोरपणा वाटला. मग तिने समजावले. ओकला मर आणणारी एक बुरशी आहे. विस्कॉन्सिनमध्ये १९४० नंतरच्या दशकात ती प्रथम ओळखली गेली. वसंतात झाडाला ताजी जखम झाली की तिच्या रसाच्या वासाने बारीक भुंगेरे येतात आणि येताना आजारी झाडावरची बुरशी अंगावर घेऊन येतात. तांबडा ओक असेल तर काही आठवड्यांत वाळून उभा. एवढ्यावरही भागत नाही. शेजारशेजारच्या ओकांची मुळे जमिनीखाली एकमेकांत मिसळलेली असतात, त्यातून रोग शेजाऱ्याकडे जातो. त्या दिवसांत वादळाने फांदी मोडलीच, तर जखमेवर ताबडतोब रंग फासतात. एरवी तोड हिवाळ्यात, भुंगेरे नसताना.

अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग आमच्या सालासारखंच झालं." साल हा गडचिरोलीच्या सागाचा पूर्वेकडचा शेजारी. मध्यप्रदेशात मंडला-दिंडोरीकडे त्याची अफाट राने आहेत. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या रानांवर सालाच्या भुंग्याची धाड आली आणि लाखो झाडे किडली. अण्णा तेव्हा नोकरीत होते, पाहणीसाठी गेले होते. हा भुंगा बोटाएवढा, लांब मिशांचा. खोडाच्या गाभ्यात अळी वर्षभर पोखरते, बुंध्याशी भुशाचे ढीग साचतात आणि पहिल्या पावसाबरोबर भुंगे बाहेर पडतात. म्हणून किडके झाड पावसाआधी रानाबाहेर गेले पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर मात्र उलटा डाव. मुद्दाम एखादे सालाचे झाड पाडायचे, त्याचे तुकडे करून साल ठेचायची. त्या रसाच्या वासाने दुरून भुंगे येतात, रस पितात आणि झिंगल्यासारखे पडून राहतात. ते वेचायचे. गावोगावची माणसे भुंग्यांची मुंडकी मोडून घेऊन येत. मुंडकी मोजायची आणि पैसे द्यायचे.

"मोजायला कोण बसत असे?" मी विचारले.

"माझ्यासारखे," अण्णा म्हणाले. "रात्री जेवण जात नसे."

असो. दुपारी आम्ही ज्या गावी पोचलो त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. धानोऱ्याच्याच वाटेवर मेंढा (लेखा) हे प्रसिद्ध गाव लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्या गावाला २००९ साली आपल्या सुमारे अठराशे हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये त्यावेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथे येऊन बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. तोवर या रानातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी जात असे आणि गावाच्या हाती पडे ती मजुरी. मेंढ्यामागून पुष्कळ गावांना हक्क मिळाले. आम्ही गेलो ते त्यांपैकीच एक, गोंडांची पन्नासेक घरे.

त्या दिवशी नेमकी ग्रामसभा होती. अण्णांना तिथे मान आहे. आम्हांलाही सतरंजीवर बसवले. आपापसांत त्यांचे गोंडीत चाले, आमच्यासाठी मधूनमधून झाडीकडच्या मराठीत. विषय एकच: यंदा बांबू केव्हा तोडायचा?

मागची हकीकत अण्णांनी हळू आवाजात माझ्या कानावर घातली. आदल्या साली तोड मार्गशीर्षात सुरू व्हायची, पण भावावरून व्यापाऱ्याशी बोलणी लांबली. फाल्गुनात भाव ठरला, चैत्रात कोयते चालले. व्यापाऱ्याने अर्धा माल उचलला आणि अर्धा "नेतो, नेतो" म्हणत ठेवून दिला. गावाच्या कडेला पत्र्याच्या मांडवाखाली त्याची रास होती. मृगापर्यंत राशीखाली पिठाचा थर जमला. व्यापारी आला, एक बांबू गुडघ्यावर मोडून पाहिला आणि निघून गेला. पावसाळ्यात घुण राशीतून सुटला तो जवळच्या घरांत. कुणाचे ताटवे गेले, कुणाची कणगी बुडाशी पोकळ झाली आणि भात जमिनीवर आला.

तर आता नवा व्यापारी आला होता. नवरात्रातल्या मांडवांसाठी त्याला बांबू ताबडतोब हवा होता आणि तो निम्मे पैसे आगाऊ देत होता. एक तिशीचा तरुण उठून बोलू लागला. भाषा कळली नाही तरी आवाज कळला. अण्णांनी सांगितले, या मुलाने चैत्रात बायकोसह सगळ्यांत जास्त बांबू तोडले. निम्म्या मालाची मजुरी अजून राहिली आहे. धाकट्या भावाला नागपूरच्या वसतिगृहात ठेवले आहे. आगाऊ पैसे आले तर त्याची फी जाईल. त्याचे म्हणणे गैर मुळीच नव्हते. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटले असते, कदाचित जास्त मोठ्याने.

मग एक म्हातारी उठली. गळ्यात पांढऱ्या मण्यांच्या माळा, हातात सोललेला वास्ता. बहुधा संध्याकाळच्या भाजीचा असावा. तो तिने मध्ये सतरंजीवर ठेवला आणि आमच्याकडे वळून मराठीत म्हणाली, "पोरं आहेत ते आत्ता. आईले आत्ताच कायले तोडता?" पुढचे ती गोंडीत बोलली. या लोकांना थांबण्याची सवय आहे. माडिया-गोंडांत पंडुमाचा विधी झाल्याखेरीज नवा आंबादेखील खात नाहीत.

सभा चांगली दोन तास चालली. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून यापेक्षा जास्त वेळ भांडण चालते, पण तिथे निम्मे सभासद फोनवर असतात. इथे कुणी उठून गेले नाही. शेवटी ठरले की तोड दिवाळीनंतर सुरू करायची आणि माघात बंद. व्यापाऱ्याला थांबायचे तर थांबू दे. त्या तरुणाची राहिलेली मजुरी ग्रामसभेच्या निधीतून आधी द्यायची. एवढ्यावर सगळे समाधानी दिसले, तोच म्हातारी पुन्हा उठली. रास तशीच ठेवून नवा बांबू शेजारी आणून टाकणार काय? ती रास जाळा आणि मगच कोयता उचला.

आता खरी कुजबुज झाली. कुणी म्हणाले, जाळता कशाला, घरोघरी वाटा, चुलीत जाईल. म्हातारीने मान हलवली. घरी नेलेला बांबू चुलीत जाईपर्यंत अंगणात पडणार, आणि तोवर घुण आढ्याला लागणार. जिथे आहे तिथेच जाळा. तिचे बरोबर होते, हे त्या तरुणालाही कळत असावे, कारण तो काही बोलला नाही. नुसता राशीकडे पाहत राहिला. त्यातले शेकडो बांबू त्याच्या हातचे होते. चैत्राच्या उन्हात तोडून, डोक्यावरून आणून रचलेले.

पाऊस उघडलेला होता. माणसांनी बांबू मांडवाबाहेर ओढून मोकळ्या जागी रचले. उचलताना काही बांबू नुसत्या वजनाने मोडत आणि आतून पिठाचा धूर उडे. आग लागल्यावर पेरी फुटू लागली. बंदुकीसारखे आवाज, एकामागून एक. पोरे टाळ्या पिटत होती, त्यांना दिवाळी आधीच आली होती. सौभाग्यवती माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आपला कोच मी आपल्या कामवाल्या बाईंना देणार होते. त्यांनी मागितला होता."

मी काहीच बोललो नाही. त्यांच्या चाळीतल्या खोलीचे छत कामट्यांच्या तट्ट्याचे आहे, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

निघताना तो तरुण मोटारीपाशी आला. अण्णांनी त्याला कंदिलाची गोष्ट सांगितली होती. त्याच्या खांद्यावर एक बांबू होता, ओला, काळपट. चैत्रात स्वतःच्या घरासाठी म्हणून त्याने काही बांबू वेगळे काढून नाल्याच्या वाहत्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवले होते. आठवड्यांमागून आठवडे पाणी वाहिले की पिष्ट धुऊन जाते आणि घुणाला आत काही उरत नाही. त्याने कोयत्याने दोन पेऱ्यांचा तुकडा काढून दिला. टोक पाहिले, एकही भोक नव्हते. मी खिशात हात घातला आणि शंभराची नोट पुढे केली. तो म्हणाला, "एवढे नोको. भाव सभेनं ठरवला आहे, तेवढेच द्या." हिशेब करून त्याने सुटे परत दिले आणि ग्रामसभेची पावती फाडून दिली. वाटेत कुणी अडवले तर दाखवायला.

पुण्याला आल्यावर कोचाचे करवतीने तुकडे केले, गोणपाटात बांधले आणि सासवडला भावाच्या वाड्यावर नेऊन त्याच दिवशी अंगणात जाळले. भावजयीला बंबात घालायचे होते, पण उद्या घालते म्हणाली म्हणून दिले नाहीत. कामवाल्या बाईंना दिवाळीच्या बोनसाबरोबर लोखंडी खाट घेऊन दिली. अण्णांचा फोन आला होता. नवरात्राचा व्यापारी दुसऱ्या गावी गेला, तिथे त्याला बांबू मिळाला. आमच्या गावाचा माल कोण घेणार ते अजून ठरायचे आहे. त्या तरुणाच्या भावाची फी भरली गेली. मुलीकडे ओकची पाने गळत आली आहेत, फांदी तोडणारा दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात येणार आहे.

कामट्या मी आणि नातवाने मिळून तासल्या. सांगाडा षटकोनीच केला. पावती कपाटात ठेवली आहे. सौभाग्यवती म्हणतात, तिच्याशेजारी कोचाचीही पावती ठेवा, म्हणजे कोणती महाग पडली ते दरसाल पाहता येईल.